हळद वेगळी, कातडी वेगळी

अंजिरी शालू जांभळा आला, तिथून सगळं सुरू झालं.

नवरीच्या आईनं तो शालू म्हणे लक्ष्मी रोड पालथा घालून निवडला होता, आणि लग्नाच्या अल्बममध्ये तो पानोपानी जांभळा. बाई बिबवेवाडीत तीन मजले चढून आल्या, धाप जिरेपर्यंत थांबल्या, अल्बम पूर्णिमाच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "लग्न आमच्याच मुलीचं आहे ना, तेवढं बघून सांगा."

पूर्णिमानं पाणी दिलं, अल्बम पुन्हा करून द्यायचं कबूल केलं. बाई गेल्यावर तिनं आपला जुना मॉनिटर लावून पाहिला. त्याच्यावर शालू अजूनही अंजिरीच होता. बिचाऱ्याला म्हातारपणी रंग कळेनासे झाले होते, आणि तो ते कबूल करत नव्हता.

"याला आता निवृत्त करू," दत्तप्रसाद म्हणाला.

दत्तप्रसाद, तिचा नवरा, लग्नांचे फोटो काढायचा आणि पूर्णिमा त्यांचे अल्बम लावायची. कुठला फोटो कुठल्या पानावर, कुणाच्या कपाळावरचा घाम पुसायचा, कुणाच्या डोळ्यांखालची जाग्रणं उतरवायची, हे तिचं काम. ती ते कुठे शिकली नव्हती. लग्नानंतर नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसली, चुकली, पुन्हा चुकली, आणि हळूहळू लोक तिच्या नावानं काम घेऊन यायला लागले. कामाची रीत ठरलेली. ती खुर्चीत, तो मागे पलंगावर उशीला टेकून. ती एकेक फोटो पुढे सरकवणार, तो पाठीमागून म्हणणार, "ठेव." नाहीतर, "उडव." शेकड्यांनी फोटो, आणि अल्बमपुरते उरेपर्यंत घरात तिसरा शब्द नाही. त्यांची मुलगी श्रद्धा लहानपणी भातुकलीतल्या बाहुल्यांनासुद्धा ठेव-उडव करायची. आता ती वाघोलीला कॉलेजच्या हॉस्टेलवर होती, आणि तिच्या मते आईबाबांचा संसार म्हणजे एक लांबलेली मीटिंग होती.

मॉनिटरचं दुकान सदाशिव पेठेत, एका क्लासच्या जिन्याखाली. दुकानदार सलिल तिशीचा असेल. भिंतीवर ओळीनं मॉनिटर लावलेले आणि सगळ्यांवर एकच पोपट.

"पोपट बंद करा," दत्तप्रसाद म्हणाला. "पोपटाचा खरा रंग कुणाला माहितीये? तो काही तक्रार घेऊन तीन मजले चढून येत नाही." त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. "हे लावा."

तो हळदीचा फोटो होता. कुठलीशी नवरी, गालांवर आणि दंडांवर ओली हळद, डोळे मिटून हसणारी. त्यांच्या धंद्यात याहून अवघड परीक्षा नाही. हलक्या पडद्यावर हळद आणि अंग एकमेकांत मिसळून जातात आणि पोरगी पितळेची होते.

सलिलनं आकडे सांगायला तोंड उघडलं होतं. दत्तप्रसाद म्हणाला, "तुमचे आकडे असू द्यात. हळद वेगळी आणि कातडी वेगळी दिसली पाहिजे. बास."

पहिल्या मॉनिटरवर नवरी पितळेची झाली, दुसऱ्यावर गाजराची. तिसरा दोन्ही कडांनी आत वळलेला होता. "हा कर्व्ह आहे, काका. आजकाल हाच चालतो."

"आमच्या अल्बमचे मांडव वाकतील त्यात. पुढे."

कोपऱ्यातल्या बत्तीस इंचीवर फोटो उघडला आणि पूर्णिमा दोन पावलं पुढे सरकली. हळदीखालून पोरीची सावळी कातडी दिसत होती, कोपरावरच्या कोरडेपणासकट. या मुलीचा अख्खा अल्बम तिनं लावला होता. तिला वाटलं, हिला आपण आत्ता पहिल्यांदा पाहतोय.

"केवढा मोठा आहे हो," ती कुजबुजली. "आपलं टेबल केवढं."

"टेबल वाढवता येतं. डोळे वाढवता येत नाहीत."

"घरात टॉकीज काढल्यासारखं वाटेल."

"मग तिकीट लाव."

सलिलनं खोक्याला चिकटपट्टी मारताना एकच गोष्ट बजावली. "ताई, हा कारखान्यातूनच रंग जुळवून येतो. घरी नेऊन बटणं दाबत बसू नका. लोक नेमकं तेच करतात."

मॉनिटर टेबलावर बसला आणि टेबलामागची खिडकी गेली. दत्तप्रसादला मात्र पलंगावरून, चष्म्याशिवाय, नवरीच्या नथीतला मोती न् मोती दिसायला लागला. "आता मरेपर्यंत दुसरा घ्यायला नको," तो म्हणाला. माणूस असं सहज बोलून जातो.

तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. दत्तप्रसाद रोज कुठेतरी हळदीला. हल्ली हळदीच्या कार्यक्रमात फोटोग्राफरलाही सोडत नाहीत. करवल्या धावत येतात आणि कॅमेरा सांभाळणाऱ्याच्या तोंडाला हात पुसतात. तो घरी यायचा तो कानामागे, मनगटावर, नखांत पिवळा. अंगाला खाज सुटायची. "हळदीत काय भेसळ करतात कोण जाणे," म्हणत तो दाराच्या चौकटीला पाठ घासायचा. पूर्णिमा त्याला खोबरेल तेल लावून द्यायची. तो बारीक झाला होता, पण सीझनमध्ये होतोच. जेवण जात नव्हतं, पण रोज मांडवातलं तेच ते पनीर कुणाला जाईल?

इकडे तिचं वेगळंच चाललं होतं. नव्या पडद्यावर पहिलं लग्न उघडलं तर सगळं अनोळखी. इतकी वर्षं खोटं बघितलेल्या डोळ्यांना खरं कसं ओळखू यावं? शिवाय कार्यालयातल्या दिव्यांत सगळेच पिवळे, त्या फोटोंवर भरवसा नाही. अंजिरी शालूची धास्ती मनात होतीच. तिला वाटलं, एक चेहरा असा हवा की ज्याचा रंग आपल्याला डोळे मिटूनही सांगता येईल.

"अहो, जरा गॅलरीत बसा. तुमचा फोटो काढते."

"फोटोग्राफरचा फोटो? वाईट दिवस आले म्हणायचे."

"मॉनिटर जुळवायचाय. हलू नका."

तिनं त्याच्याच कॅमेऱ्यातून फोटो काढला. सकाळचा स्वच्छ उजेड होता. तो किंचित कंटाळून, किंचित हसून तिच्याकडे बघत होता. मग तो स्कूटर काढून धनकवडीच्या साखरपुड्याला गेला आणि ती फोटो उघडून बसली.

फोटो पिवळा होता. गाल पिवळे, डोळ्यांतलं पांढरंही पिवळट.

"मेला सलिल," ती म्हणाली. "म्हणे कारखान्यातून जुळवून येतो."

मॉनिटरच्या खालच्या कडेला बोटांनी चाचपडावी लागणारी बटणं होती. तिनं ती दाबली. लाल, हिरवा जरा उतरवला, निळा चढवला; पुन्हा थोडा; दत्तप्रसाद तिच्या ओळखीचा गहूवर्णी दत्तप्रसाद होईपर्यंत चढवला. तिला त्याच्या रंगाची खात्री होती. इतक्या वर्षांत तो तिला पाठ झाला होता, आणि पाठ झालेली गोष्ट कोण पुन्हा उघडून बघतं?

त्यानंतरची लग्नं तिनं त्याच हिशेबानं लावली. नवऱ्या-नवरदेव निळसर, उतरलेले वाटायचे. ती त्यांच्या चेहऱ्यांवर थोडं ऊन घालायची. कामात तिला फार दिवसांनी समाधान वाटत होतं.

मग लॅबमधून गोपाळकृष्णाचा फोन आला. दत्तप्रसाद अल्बम छापायचा ते त्याच्याकडेच, स्वतःच्या लग्नाच्याही आधीपासून, त्यामुळे तो तिला वहिनी म्हणायचा आणि वाटेल ते बोलायचा.

"वहिनी, कुठल्या गावचं लग्न हे?"

"का हो?"

"अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ झालीय. भटजीसुद्धा सुटला नाही. मागच्या दोन्ही अल्बमांचंही तेच. म्हटलं छापायच्या आधी विचारावं, उगीच साथ पसरायची."

पूर्णिमा हसली. खरंच हसली. आणि लगेच सलिलला फोन लावून त्याला झापलं.

सलिल दुसऱ्या दिवशी आला. त्यानं दप्तरातून रंग मोजायचं एक छोटं यंत्र काढलं, मॉनिटरच्या वरून वायरीनं उंदरासारखं खाली सोडलं आणि पडद्यावर पाळीपाळीनं रंग उमटू दिले. गॅलरीच्या दारात दत्तप्रसाद खुर्ची टाकून बसला होता. त्या दिवशी कार्यक्रम नव्हता. खरं तर होता, पण त्यानं तो दुसऱ्या फोटोग्राफरला दिला होता. पायांत बळ नाही म्हणाला.

"ताई, तुम्ही बटणं दाबलीत," सलिल म्हणाला.

"दाबली. तुमचा मॉनिटर पिवळा होता म्हणून दाबली."

"पिवळा नव्हता. यंत्र सांगतंय ना. तुम्ही निळा किती चढवलाय बघा. कशावरून जुळवलंत?"

"ह्यांच्या फोटोवरून. थांबा, दाखवतेच तुम्हाला."

सलिलनं रंग मूळ जागी आणले. तिनं तो फोटो उघडला. बत्तीस इंची पडद्यावर दत्तप्रसादचा चेहरा आला, पिवळा, डोळ्यांतल्या पिवळ्यासकट.

"बघा," ती विजयानं म्हणाली. "आता सांगा."

सलिल बघत राहिला. मग त्यानं मान वळवून गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. दत्तप्रसाद बशीत चहा ओतत होता. ऊन सरळ त्याच्या तोंडावर होतं. सलिलनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि पूर्णिमानं त्याची नजर जाईल तिथे आपली नजर नेली. एकदा इकडे, एकदा तिकडे.

रविवारपासून एकही हळद झाली नव्हती. रोजची अंघोळ झालेली होती.

"ताई," सलिल अगदी हळू म्हणाला, "मॉनिटर बरोबर आहे."

दत्तप्रसादनं बशीतून वर बघितलं. "झाला का जुळून?"

पुढचं दवाखान्यातलं. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती, आणि ती यकृतापर्यंत गेली होती. दुखत नाही, डॉक्टर म्हणाले, म्हणून लवकर कळत नाही. पित्त वाहून जायला एक नळी घातली. रंग थोडा उतरला, परत चढला. सगळे बाहेर गेल्यावर पूर्णिमा मागे राहिली आणि तिनं विचारलं, "मला आधी दिसलं असतं तर?"

डॉक्टर सज्जन होते. "फारसा फरक पडला नसता," ते म्हणाले.

लोकांनी तिला तेच पुन्हा पुन्हा समजावलं, काही फरक पडला नसता. त्यातला 'फारसा' मात्र सगळ्यांनी गाळला. तो तिच्यापाशीच राहिला. भाजी चिरताना, गोळ्या मोजताना, त्याची पाठ पुसताना तो मध्येच वर यायचा.

दत्तप्रसादला घरी आणलं. तो पलंगावर, त्याच उशीला टेकून. राहिलेले अल्बम होतेच. लोकांची लग्नं कुणासाठी थांबत नाहीत. ती खुर्चीत बसायची. तो मागून "ठेव" म्हणायचा, "उडव" म्हणायचा. आवाज खोल जात चालला होता, पण नजर तशीच. एका दुपारी तो म्हणाला, "हे राहू दे. माझे काढ."

"तुमचे काय?"

"फोटो गं. नाहीतर तू माझा आधार कार्डावरचा लावशील भिंतीवर. त्यात मी दरोडेखोर दिसतो."

"काहीतरी बोलू नका."

"मग मी निवडतो. धंदा आहे माझा."

तिनं शोधले. श्रद्धा आली होती, तीही शेजारी स्टूल घेऊन बसली. वर्षानुवर्षांची लग्नं, आणि दत्तप्रसाद कुठेच नव्हता. फोटोग्राफर फोटोत येत नाही. आला तर नवरीमागच्या आरशात, नाहीतर एखाद्या घासलेल्या घंगाळावर, वाकडातिकडा. आणि असा आला की पुसायचा असतो. तिनंच पुसलेला होता, दरवेळी, सफाईनं, कुठे खूण न ठेवता.

जे सापडले ते तिनं दाखवले. श्रद्धाच्या बारशातला, अर्धा कापलेला. "उडव." मेहुण्याच्या लग्नातला, फेट्यात. "उडव. बँडवाला वाटतो." मग गॅलरीतला तो आला.

पडदा भरून त्याचा चेहरा. किंचित कंटाळलेला, किंचित हसरा, तिच्याकडे बघणारा.

त्यानं उशीवरून मान जराशी उचलली.

"ठेव," तो म्हणाला.

"बाबा, यात तुम्ही आजारी दिसता," श्रद्धा म्हणाली. "आई, कलर करेक्ट कर ना. तुला दोन मिनिटं लागतात."

पूर्णिमाचा हात आपोआप माउसवर गेला. तिनं पिवळा उतरवला, निळा जरासा चढवला. त्याचे गाल गहूवर्णी झाले, डोळे पांढरे झाले. श्रद्धा म्हणाली, "बघ, किती छान." पूर्णिमाला तो माणूस ओळखू आला. त्यालाच खरा समजून तिनं दिवसचे दिवस काम केलं होतं, आणि तेवढा वेळ दुसरा तिच्या मागे बसून अंग खाजवत होता.

तिनं केलेलं परत फिरवलं.

"बरोबर," मागून आवाज आला. "एवढा मोठा मॉनिटर काय खोटं बघायला घेतला?"

तिला मागे वळून बघावंसं वाटलं. वळली. मग मात्र रोज वळत गेली. काम करता करता, उगीचच. तो चिडायचा. "फोटो पुढे आहेत, मी नाही," म्हणायचा. चैत्र लागायच्या आत तो गेला. तेव्हाही ती त्याच्याकडेच बघत होती.

दिवसकार्याला फोटो हवा होता. तिनं तो गोपाळकृष्णाकडे पाठवला, माप सांगितलं, साधी लाकडी चौकट सांगितली. तासाभरात त्याचा फोन आला. कावीळ झालेलं वऱ्हाड त्यालाही आठवत असणार.

"वहिनी," तो म्हणाला, "जरा पिवळा आहे. मी इकडूनच उतरवतो. तुम्ही काही करू नका."

"नको, गोपाळभाऊ."

"घरात कायमचा राहणार तो, म्हणून म्हटलं."

समोर बत्तीस इंची पडद्यावर दत्तप्रसाद तिच्याकडे बघत होता. मागे पलंगावर उशी होती.

"मॉनिटर बरोबर आहे," पूर्णिमा म्हणाली. "आहे तसाच छापा."