बाभळीचे ठोकळे

गोरक्षने ताडपत्रीची दोरी सोडवली नाही, कोयत्याने तोडली. चोवीस वर्षांच्या गाठी सोडवत बसायला त्याला सवड नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. ताडपत्री खाली आली तसा धुळीचा लोट उठला, पालींची पळापळ झाली आणि कांदाचाळीमागे उभा असलेला बापाचा ट्रक उन्हात उघडा पडला. ड्रायव्हरच्या बाजूचं तोंड चेपलेलं, काच गेलेली, कपाळावरचं ‘सप्तशृंगी प्रसन्न’ गंजाने निम्मं खाल्लेलं.

यादव मिस्त्री नाशकाहून आडगाव नाक्यावरून आला होता. जुन्या गाडीचं काम इंजिनापासून सुरू करतात, दरवाजाबिरवाजा शेवटी, असं त्याने दोनदा समजावलं. गोरक्षने दोन्ही वेळा मान हलवली आणि म्हणाला, आधी दरवाजाच काप.

दसऱ्याला ट्रक रस्त्यावर आणायचा, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण तिकडे चिंचेखाली मांडीवर पिशवी घेऊन बसलं होतं. बहिरूकाका. पन्नाशी ओलांडलेला, साडेचार-पावणेपाच फुटांचा माणूस. इंदिरानगरच्या एका सोसायटीत वॉचमन. गोरक्षने मुद्दाम फोन करून बोलावलं होतं, आणि भाऊकीतले चारजणही बोलावले होते. पंचांशिवाय पंचनामा कसला?

नारळ वडीलधाऱ्याने फोडायचा असतो. कोणीतरी बहिरूकाकाकडे बघितलं. गोरक्षने नारळ स्वतःच दगडावर आपटला. त्याच्या आईने, साळूबाईने, सगळ्यांना तांब्यातून पाणी दिलं आणि चिंचेपाशी पोचायच्या आत ती माघारी वळली. या घरात बहिरूला पाणी मिळत नसे.

गोष्ट सगळ्या सायखेड्याला पाठ होती. दोघे भाऊ टोमॅटो भरून मुंबईला निघाले होते. घोटीच्या अलीकडे भर दुपारी ट्रक रस्ता सोडून गेला, भाताच्या लावणीवरून परतणारी एक बाई चिरडली आणि झाडाला धडकून थांबला. गाडी मी चालवत होतो, असं पुंजाने, म्हणजे गोरक्षच्या बापाने, पोलिसांना सांगितलं. लायसन गेलं, तुरुंग झाला. सुटून घरी आला तेव्हा मात्र सहा वर्षांच्या गोरक्षच्या डोक्यावर हात ठेवून तो साळूबाईला म्हणाला, “पोराची शपथ घेऊन सांगतो, बहिरू चालवत होता. त्याचं लग्न ठरलेलं, म्हणून मी अंगावर घेतलं.”

साळूबाईच्या पोटात ते किती दिवस राहणार! भाऊ सुटेपर्यंत थांबवून ठेवलेलं बहिरूचं लग्न महिन्याभरात मोडलं. कोणी त्याच्या हाती गाडी देईना, कोणी ओट्यावर बसू देईना. पुंजा गावचा देवमाणूस झाला आणि बहिरू गाव सोडून गेला. मागच्या वर्षी पुंजाच्या दहाव्याला तो गोदावरीच्या घाटावर आला, तर गोरक्षने त्याला पायरीसुद्धा उतरू दिली नाही. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नव्हतं. लोक आताशा काकाची कीव करायला लागले होते, म्हणायचे, म्हातारा झाला बिचारा. बिचारा! बाई मारून, भावाला तुरुंगात घालून बिचारा!

पुरावा ट्रकात होता. बहिरूचे पाय पेडलला पुरत नसत. तो बाभळीचे तीन ठोकळे पेडलवर तारेने आवळून बसायचा, सगळ्या गावाने त्यावरून त्याची टिंगल केलेली. अपघातात केबिन अशी चेपली की पेडलपर्यंत नंतर कोणाचा हात पोचलाच नसता. म्हणजे ठोकळे तिथेच असणार. बापाने ट्रक विकला नाही, भंगारात दिला नाही, कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. भावाच्या पापाचा पुरावा जपला पण थोर मनाने वापरला नाही, असंच गोरक्ष समजत आला होता. भंगारात द्या म्हणून मागे लागायचा तो बहिरू. का लागायचा, हे काय सांगायला पाहिजे?

कटर करकरला. ठिणग्या उडाल्या. दरवाजा कण्हत बाहेर आला आणि मातीत पडला. मिस्त्रीने पहारीने पत्रा वर उचलून धरला. गोरक्ष बॅटरी घेऊन आत वाकला.

क्लचवर ठोकळा नव्हता. ॲक्सिलरेटरवर नव्हता. ब्रेकवरही नव्हता, तारेची खूणसुद्धा नव्हती.

ब्रेकच्या खाली मात्र काहीतरी अडकलं होतं. त्याने ओढलं, निघेना. मिस्त्रीने पहारीचं टोक घातलं तेव्हा निघालं. चप्पल. टायरच्या तळाची, वीतभराहून बरीच लांब. अंगठा दाभणाने शिवलेला, लाल दोऱ्याने. असा दोरा त्याची आई बापाच्या चपलांना वापरायची.

सप्तशृंगीचा फोटो समोर असताना पायात चप्पल ठेवून स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा बापाचा नेम होता. बाजूला बसला तर चप्पल पायात. चालवायला बसला की काढून सीटखाली. ती सरकत पुढे आली असणार. आणि त्याने ब्रेक दाबला असणार.

गोरक्षने सीटमागे हात घातला. गोणपाटाची गुंडाळी लागली. आत तीन ठोकळे होते, तारेसकट.

मागून पावलं वाजली. बहिरूकाका जवळ आला होता. त्याने आधी चप्पल बघितली, मग पुतण्याचं तोंड.

“म्हणून म्हणत होतो, भंगारात दे,” तो हळू आवाजात म्हणाला.

“तुम्ही बोलला का नाय?”

“एकदा बोललो. कोणी ऐकलं नाय. मग दादा रडला. म्हणला, त्या बाईचं तोंड रोज दिसतं, निदान पोरापुढं तरी मला माणूस म्हणून राहू दे.”

तिकडून साळूबाईने हाक मारली, “सापडले का रे?” भाऊकीतले चौघे उठून पुढे यायला लागले. काकाने त्याच्या हातातलं गोणपाट काढून घेतलं, ठोकळे वर धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सापडले, वहिनी. मीच होतो.”

चोवीस वर्षं गोरक्ष ज्यासाठी जळत होता ते असं आयतं ताटात येऊन पडलं. साळूबाईने दोन्ही हात आकाशाकडे जोडले, ‘देव हाय’ म्हणाली, आणि काकाच्या पायापुढे पचकन थुंकली. चौघांपैकी एकाने शिवी हासडली. काका खाली मान घालून उभा राहिला. त्या मानेला सवय होती.

गोरक्ष खाली उतरला, आईपुढे गेला आणि तिच्या हातात चप्पल दिली.

“पेडलखाली होती,” तो म्हणाला. “ब्रेकच्या.”

तिने लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग चप्पल उलटी केली. तळावर ब्रेकच्या दांड्याचा आडवा वळ उमटला होता. नवऱ्याचा नेम तिच्याइतका कोणाला ठाऊक होता?

मग ती माघारी वळली. तांब्या विसळून घेतला, भरला, आणि दोन्ही हातांनी दिरापुढे धरला.

“घ्या, भाऊजी.”

बहिरूकाकाने तांब्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच.

“राहू द्या, वहिनी. सवय गेली.”

त्याने ठोकळे पिशवीत घातले, माझे हायेत, नेतो, असं म्हणाला आणि कांदाचाळीला वळसा घालून एसटीच्या रस्त्याला लागला. त्याला थांबवायला कोणाचं पाऊल उचललं नाही.

यादव मिस्त्रीने कटर खाली ठेवला आणि विचारलं की आता इंजिनाला हात घालायचा का. गोरक्षला ते ऐकू आलं. पण त्याचा हात आपल्याच टाळूवर गेला होता, बापाने जिथे हात ठेवून शपथ घेतली होती तिथे, आणि तो त्याला खाली घेता येत नव्हता.