पायरीवरची अक्षरं

"पोरगी सुकत चाललीय. बघ जरा," असं सासूबाईंनी थोरलीच्या पोरीबद्दल धाकट्या सुनेला सांगितलं होतं. धाकटीने भाजी चिरता चिरता नुसती मान हलवली. मनात म्हणाली, घ्या, आता तिच्या वाळण्याचंही कौतुक.

वरच्या मजल्यावर कौतुकाला ऊत आला होता. थोरल्या जावेच्या पोरीने, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या, कागदावर कुणालाच न कळणारी अक्षरं काढली होती. "देवांची लिपी," थोरली ज्यांना मानायची ते बाबा म्हणाले, आणि जिन्यात रांग लागली. बाबांच्या हुकमाने पोरीला मौन, बंद खोली, दिवसाला वाटीभर दूध. दाराखालून कागद सरकला की बाबा डोळे मिटून तो वाचत. हो, मिटून. "देव सांगतात, शंकेखोराच्या घरी सुख नांदत नाही."

धाकटीच्या पोटात निखारा. तिचा मुलगा त्याच वयाचा, पण पेन्सिलीचा उपयोग कान कोरायला. देव जिना चढून गेला तो आपल्याच दारावरून ना?

एका दुपारी खालच्या नव्या बिऱ्हाडातली मुलगी पायरीवर खडूने लिहिताना दिसली. बिऱ्हाड परमुलखातलं, आपली भाषा ओ की ठो न कळणारं. अक्षरं बघून धाकटी थबकली. हीच ती देवांची लिपी! कोंडली जाईपर्यंत पुतणी रोज इथेच हिच्याशी खेळायची.

धाकटीला आनंद झाला, तोही कुजकाच. मुलीचा हात धरून ती तडक वर गेली.

"तुझ्या पोटात दुखतंय," थोरली म्हणाली.

"दुखतंयच. पण हिला वाचू दे."

"परक्या पोरीला काय कळणार?" बाबा हसले.

"कळू नये तेच बरं, मनचं काही घालणार नाही. तिने फक्त उच्चार करायचे."

धाकटीने खुणावताच मुलीने ताज्या कागदावर बोट ठेवलं. अर्थ ठाऊक नसलेले आवाज एकेक करून बाहेर आले.

"भू...क. ला...ग...ली. बो...ल...ले त...र आ...ई म...रे...ल."

रांगेतल्या प्रत्येकाला कळलं. न कळलेली एकटी वाचणारी.

थोरलीने कडी काढली. पोर भिंतीला टेकून बसली होती. आईला बघताच तिने ओठ आणखी घट्ट मिटले. धाकटीचा निखारा तिथेच विझला. बाबा तोवर जिन्यात चपला शोधत होते.

अक्षरं म्हणजे आवाजाची भांडी. एका घरच्या भांड्यात दुसऱ्या घरचं अन्न वाढता येतं. पोरीने मैत्रिणीची अक्षरं उचलली आणि त्यात आपली भाषा वाढली. ती मोठ्याने वाचू शकेल अशी मैत्रीणच एक तिला ठाऊक होती. यात चमत्कार नाही, हुशारी आहे, आणि भीती.

तुमच्या ओळखीत एखादं मूल असं देवाचं ठरलं असेल, तर आजच जाऊन या. पाया पडू नका. दार उघडायला लावा आणि विचारा, जेवलीस का?