अनवाणी बालपण

डिंफना फोटोखालची चिठ्ठी नखाने उचकटत होती. एक कोपरा सुटला, दुसरा सुटेना.

"आजी, हात नका लावू." प्रदर्शन घेऊन डब्लिनहून आलेली ग्रॉन्या टेबलामागून लगबगीने आली.

"हे कोणी लिहिलं?"

"'अनवाणी बालपण, पश्चिम किनारा, १९५४.' फोटोग्राफरच्याच वहीत आहे तसं. लोकांना फार आवडतो हा फोटो. पोस्टकार्डही काढलंय आम्ही."

"त्या बालपणाला नाव होतं. टाइग. माझा भाऊ."

हॉलमधल्या दोघातिघांनी माना वळवल्या. तिला गाडीतून घेऊन आलेला शेजारी पॅकी चहाचा कप घेऊन पुढे झाला.

"डिंफे, पोरीवर कशाला डाफरतेस? तिचा बापसुद्धा जन्मला नव्हता तेव्हा."

"तू गप बस. तुझ्या घरातलं कोणी गेलं नाही."

पॅकीने कप टेबलावर ठेवला. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. फोटो डब्लिनच्या पेपरात आला आणि पंधरा दिवसांत मुलांची हेळसांड तपासणाऱ्या इन्स्पेक्टरची काळी गाडी दाराशी उभी राहिली. न्यायाधीशाच्या टेबलावर तोच पेपर होता. पोराच्या पायात घालायला नाही, म्हणजे आईबाप नालायक, एवढाच खटला. नऊ वर्षांच्या टाइगला शंभर मैलांवरच्या, ख्रिस्ती ब्रदर लोकांच्या कोंडून ठेवणाऱ्या शाळेत टाकलं. सोळाव्या वर्षी सुटला तो थेट इंग्लंडच्या बोटीत चढला. पुन्हा घराकडे फिरकला नाही. कॉव्हेन्ट्रीत तो वारल्याचं घरी कळलं तेव्हा त्याला पुरूनही पाच आठवडे झाले होते. आई मरेपर्यंत त्या फोटोवाल्याला शिव्या देत राहिली, आणि त्या शिव्या डिंफनाला पाठ होत्या.

"पोस्टकार्ड काढलंय म्हणे," ती म्हणाली. "कोणाला विचारलंत?"

डिंफनाने पर्समधून प्रार्थनेचं पुस्तक काढलं, त्यातलं पिवळं पडलेलं कात्रण तिच्यापुढे धरलं. दगडी बांधाला टेकलेला टाइग, डोक्यापासून उघड्या पावलांपर्यंत. भिंतीवर होता तसाच.

"आईने जपलं होतं. वाचायचं तर हे वाच. चिठ्ठ्या कसल्या लावतेस?"

ग्रॉन्याने कात्रण उजेडात धरलं.

"पण पेपरात तर पूर्ण आला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "भिंतीवरचा आम्ही छाटलाय. मुलगा एकटा असला की जास्त उठून दिसतो म्हणून."

"पूर्ण म्हणजे?"

ग्रॉन्याने टेबलाखालून फाइल काढली आणि जुन्या पेपराचं, तो फोटो छापलेलं पान उलगडलं.

बांधावर दंव होतं. टाइगचा डावा हात कुणीतरी धरला होता. चारपाच वर्षांची, डोक्याला आईचा रुमाल बांधलेली एक मुलगी. तिच्या पायांत मोठ्या मुलाचे बूट होते, पोटऱ्यांपर्यंत आलेले. पायातून निसटू नयेत म्हणून नाड्या घोट्याभोवती दोनदा गुंडाळल्या होत्या.

डिंफनाने कात्रण पानावर ठेवलं. नेमकं बसलं. कात्रणाची कड टाइगच्या मनगटाशी थांबत होती आणि खाली जाताना जराशी डावीकडे ओढली गेली होती. आईची कात्री नेहमी तशीच ओढायची. डिंफनाच्या लहानपणीच्या एकाही फ्रॉकची किनार सरळ नव्हती.

"ही मुलगी कोण?" ग्रॉन्याने विचारलं.

पॅकी वाकून बघत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दुसरीकडे बघू लागला.

डिंफनाने त्या कडेवरून बोट फिरवलं. इतकी वर्षं आईने कोणाकोणाला शिव्या दिल्या, ते ती एकेक आठवत असावी: फोटोवाला, इन्स्पेक्टर, न्यायाधीश, ब्रदर लोक. त्या यादीत घरातलं कोणी नव्हतं.

"खुर्ची देऊ का, आजी?"

"खुर्ची नको. पेन घे." आवाज अजून तितकाच तिखट होता. "हा फोटो उतरव. हे आख्खं पान लाव त्या जागी."

"आणि खाली काय लिहू?"

"त्याचं नाव लिही. टाइग. माझंही लिही." तिने चष्मा काढून पुसला, पण परत लावला नाही. "आणि लिही, बूट त्याचे आहेत."