आवरायला दीड मिनिट

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिने सगळ्यात आधी आपली सर्व्हिस, म्हणजे ऑफिसच्या मशीनवर सतत चालणारा तिचा प्रोग्राम, बंद करून पुन्हा चालू करून पाहिली. लांबच्या प्रवासाहून आलेलं माणूस आधी कुंड्यांतली माती चाचपतं, तसं. सर्व्हिस चटकन बंद झाली. फारच चटकन. तिने सेटिंग उघडून पाहिलं.

तिची कंपनी दवाखान्यांची यंत्रणा सांभाळायची. एका मोठ्या मशीनच्या पोटात पुष्कळ कंटेनर. एका इमारतीतली बिऱ्हाडंच म्हणा. प्रत्येकात एक सर्व्हिस, आतून कडी लावून बसलेली. एकीने घर डोक्यावर घेतलं तरी शेजारणीला पत्ता नाही. तिच्याकडची सर्व्हिस प्रयोगशाळेतले रिपोर्ट डॉक्टरांच्या फोनवर पोचवायची. नवी सुधारणा चढवायची तर जुनी आधी बंद करावी लागते. तेव्हा आत निरोप जातो, आवर आता. मग थोडं थांबायचं, आणि तरी नाही उठली तर मान मुरगळायची. हे थांबणं तिने दीड मिनिट ठेवलं होतं. एखादा मोठा रिपोर्ट अर्ध्या वाटेत असला तर तो पोचता व्हायला तेवढं लागायचंच. तिने स्वतः पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं होतं.

आता तिथे दोन सेकंद होते. म्हणजे दर वेळी हातातला रिपोर्ट हातातच मरत होता. रांगेत नाही, डॉक्टरांकडे नाही, कुठेच नाही. मागच्याच आठवड्यात एका बाईचा रिपोर्ट असा गडप झाला आणि ती नको त्या औषधावर राहिली. अजून दवाखान्यात होती. चौकशी उद्यावर आली होती.

हे कुणी केलं हे तिला विचारावं लागलं नाही. तिच्या रजेत तिचं काम तिचा धाकटा दीर बघत होता. त्याला इथे चिकटवलं तिनेच. सगळं काम झटपट उरकतो म्हणून ऑफिसात त्याला रॉकेट म्हणायचे. आणि तो हाक मारायचा म्हणून अख्खं ऑफिस तिला वहिनी म्हणायला लागलं होतं, साहेबसुद्धा.

तिने त्याला चहाच्या मशीनपाशी गाठलं.

"दीड मिनिटाचे दोन सेकंद कुणी केले?"

"अगं वहिनी, दर वेळी ती बंद होईपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी म्हटलं, बंदच व्हायचंय ना तिला, मग मरेना का लवकर."

"आणि तिच्या हातात जे होतं ते?"

"पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे होते की."

"हिरवेच असणार. ती नव्याने उठून बसते, तिला काय माहीत मागचीने काय सांडलं ते."

त्याने कप खाली ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाला, "तसं ते तुझ्याच नावावर दिसतंय. तुझा पासवर्ड वापरला होता मी. तू बाळंतिणीच्या खाटेवरून दिला होतास, आठवतंय ना? उद्या तू म्हण ना, जायच्या घाईत राहून गेलं. तुला कोण काय बोलणार? लेकुरवाळी बाई."

ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. सासूबाईंच्या मांडीवर मुलगी झोपलेली. पायातला एक मोजा निसटलेला, उघडी टाच चिंचोक्याएवढी. तिला ती टाच मुठीत धरावीशी वाटली, पण सासूबाईंनी मांडी हलवली नाही.

"त्याची अजून नोकरी पक्की नाही," त्या म्हणाल्या. "तुझं तसं काय अडलंय?"

"आई, एक बाई मरता मरता वाचली."

"वाचली ना? मग झालं तर. हे बघ, मी काही शिकलेली नाही, पण दिवसभर हिला अंगाखांद्यावर कोण घेतं ते मला कळतं. माझ्या लेकाला घालवून ये, आणि मग हिला कुठे ठेवायचं तेही बघून ये."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चार्जर शोधत होता. "तुला पटेल ते कर," तो म्हणाला. त्याचं हे नेहमीचंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा वेळी तो चार्जर शोधायचा.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत तिने खरं ते सांगितलं. दोन सेकंद कुणी केले, का केले, त्याने काय झालं. दीर समोरच बसला होता, टेबलावरचं टोपण फिरवत. तो नाही म्हणाला नाही. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पासवर्ड तुम्ही दिलात," ते म्हणाले.

"हो. ती माझी चूक."

"वहिनी, तो तर नवखा आहे. तुम्ही जाणत्या. आणि घरातली उणीदुणी इथे आणायला नको होती." त्यांनी दिराकडे पाहिलं. "याला समज देऊ. पण आता ती सर्व्हिस याच्या हातात बसली आहे. हा केव्हाही फोन उचलतो. तुम्हाला पाच वाजता निघावं लागतं. तुम्ही माहितीपुस्तिका लिहा, निवांत काम आहे."

"ती सर्व्हिस पहिल्यापासून मी उभी केली, सर."

"कोण नाही म्हणतंय? म्हणूनच तर पुस्तिका तुम्ही लिहायची."

सर्व्हिसवरचे तिचे अधिकार संध्याकाळी काढून घेणार होते. तेवढ्यात तिने दोनाचे नव्वद सेकंद केले आणि बंद करून पाहिलं. सर्व्हिसने हातातलं सगळं पोचतं केलं, मग सावकाश मिटली. सुखाने निजलेल्या लेकराला बघावं तशी ती पडद्याकडे बघत बसली. मग पाच वाजले.

घरी दारातच मुलीची पिशवी भरून ठेवलेली. दुपटी, बाटली, सगळं नीट घडी करून. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पाळणाघर सकाळी लवकर उघडतं म्हणे." तिने मुलीला उचललं, ओलं दुपटं बदललं, आणि तिला खांद्यावर घेऊन आत गेली. दीर जेवायला बसला होता. तोंड काही पडलेलं नव्हतं.

"वहिनी, नव्वद फारच होतात हं," तो म्हणाला. "उद्या वीस करतो."

"आधी मोजून बघ. मोठा रिपोर्ट असला की ऐंशी-नव्वद लागतात."

"बघू."

"बघू नाही. लागतातच."

सासूबाईंनी त्याच्या ताटात भात वाढला. "जेवू दे गं त्याला सुखाने," त्या म्हणाल्या.