दाजींचं मोकळं कपाळ

सिरसाळ्याच्या मन्मथ पेंटरला सगळं जमायचं, थांबणं तेवढं जमत नव्हतं. तीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याही गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत. असा माणूस साठीला टेकल्यावर तैलरंगातलं ग्लेझिंग, म्हणजे पातळ थरावर थर चढवणं, शिकायला बसला, आणि तेही पोटच्या पोरीकडून.

निमित्त होतं थोरल्या बहिणीचं. नीलम्माआक्काचे मालक वारले तेव्हा मन्मथनं मोठ्या हौसेनं दाजींचं चित्र काढून दिलं होतं. आक्कानं ते खालीवर पाहिलं आणि विचारलं, हे कोणत्या वॉर्डातून उभे आहेत? घरात हसू पिकलं. मन्मथही हसला, पण बोलणं वर्मी लागलं. पहिल्या पुण्यस्मरणाला तरी आक्काला तिचा माणूस दिसावा, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं.

लेक रुद्राणी चित्रकला शिकून आलेली. तिनं बापाला सांगितलं, की कातडीचा रंग डब्यात मिळत नसतो. आधी अख्खा चेहरा नुसत्या राखाडीत करायचा. तो वाळला की जवसाच्या तेलात पातळ केलेल्या रंगाचा, आरपार दिसेल असा एक हात द्यायचा. तो वाळला की दुसरा. गालाला तांबूस, डोळ्यांखाली किंचित हिरवट. खालचा रंग वरच्यातून डोकावला की चेहऱ्यात जीव येतो. दाजींना हिरवट करायचं ऐकून मन्मथ दोन दिवस पोरीशी धड बोलला नाही.

प्रत्येक हाताला चार-पाच दिवस वाळवण. मन्मथला रोज उठून बोट लावून बघायची खोड, त्यामुळे दाजींच्या गालावर रोज नवा ठसा. शेवटी रुद्राणीनं चित्र कपाटात कोंडलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. सातव्या हाताला मात्र दाजी खरंच दिसायला लागले, उन्हात रापलेले, जरासे रुसलेले. मन्मथला भरून आलं. टर्पेंटाइन डोळ्यांत गेलं, असं त्यानं पोरीला सांगितलं.

कपाळाचा एक हात उरला आणि जवसाचं तेल संपलं. परळीहून मागवायचं सोडून पठ्ठ्यानं स्वयंपाकघरातलं करडईचं ओतलं. भाकरीसोबत चालतं ते दाजींना का चालू नये? पण करडईचं तेल आपल्या सवडीनं वाळतं. पुण्यस्मरणाच्या सकाळी कपाळ चिकटच होतं. रुद्राणी फणफणली. विभूतीचे पट्टे काढायचे राहिले होते आणि ओल्यावर पांढरा रंग कालवला गेला असता. ज्यांना गावानं कधी विभूतीशिवाय पाहिलं नाही, ते दाजी आता ओळखू कसे येणार? पण आक्काच्या घरी पूजेला जंगम येऊन बसले होते, पाहुणे जमले होते. चित्र तसंच नेऊन भिंतीला टेकवलं.

नीलम्मा समोर आली. बराच वेळ बघत राहिली आणि आत निघून गेली. मन्मथनं मान खाली घातली. एवढे दिवस फुकट गेले असं त्याला वाटलं.

ती परत आली तेव्हा तिची तीन बोटं विभूतीनं पांढरी झाली होती.

"मोकळ्या कपाळानं कुठं निघाले तुमी?" ती चित्राला म्हणाली. "सांगून सांगून जीव गेला माझा."

कोणी अडवायच्या आत तिनं बोटं कपाळावरून ओढली. राख ओल्या थरात रुतली आणि एक पट्टा पार भुवईपर्यंत घसरला. रुद्राणी चिंधी घेऊन धावली. ओलं आहे तोवर पुसून घेते, वाळल्यावर नीट काढू, असं ती पुटपुटत होती. पाटीवर माशी बसली तरी शिव्या देणाऱ्या मन्मथनं तिचा हात धरला. आक्का एव्हाना चित्रासमोर मांडी घालून बसली होती आणि वर्षभरात काय काय झालं ते दाजींना एकेक करून सांगत होती.

"पुसू नको," मन्मथ हळूच म्हणाला. "आक्काचं बोलनं व्हायचं हाय अजून."