शनीच्या कड्यासाठी झिजलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी, गोल आणि जाड काच आहे. माझी एक बाजू सपाट आहे आणि दुसरी किंचित फुगीर. हा फुगवटा जन्मापासूनचा नाही. तो मला कसा आला, तेच आज सांगणार आहे.

माझं पहिलं आयुष्य एका मालवाहू जहाजाच्या खिडकीत गेलं. काळ्या समुद्राच्या लाटा अंगावर घ्यायच्या आणि आतल्या खलाशांना कोरडं ठेवायचं, एवढंच माझं काम. जहाज भंगारात निघालं, तेव्हा वार्ना बंदराच्या गोदीतल्या पेन्को नावाच्या मेकॅनिकने मला आणि शेजारच्या खिडकीतल्या माझ्या बहिणीला जुन्या स्वेटरात गुंडाळून घरी नेलं. त्याच्या कपाटावर आम्ही सहा वर्षं धूळ खात पडून होतो. मग एके दिवशी त्याच्याच इमारतीतली झ्द्राव्का आम्हाला मागायला आली.

झ्द्राव्का ट्रॉलीबस चालवायची. वय चाळिशीच्या पुढे. शाळेत असताना एकदा ती शनी पाहायला दुर्बिणीच्या रांगेत उभी होती. तिची पाळी आली आणि ढग आले. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. शनीचं कडं पाहायचं, आणि तेही आपल्या हातांनी घडवलेल्या दुर्बिणीच्या आरशातून.

"अगं पोरी, जहाजाच्या खिडकीतून दर्या बघतात, ग्रह नाही," पेन्को म्हणाला.

"बघायचं कुठे आहे तिच्यातून, काका? तिचा आरसा करायचाय."

त्याने आम्हाला पुन्हा त्याच स्वेटरात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं.

इमारतीच्या तळघरात एक पिंप होतं. झ्द्राव्काची आई स्तोयना दर हिवाळ्यात त्यात कोबी मुरवायची. झ्द्राव्काने ते रिकामं करून उपडं घातलं आणि मला त्यावर घट्ट बसवलं. माझ्यावर काच झिजवणारी ओली, दाणेदार पूड पसरली आणि बहिणीला वर ठेवून ती घासू लागली. पुढे, मागे, बहीण जराशी फिरवायची, स्वतः पिंपाभोवती एक पाऊल टाकायचं आणि पुन्हा पुढे, मागे. अशा घासण्यात वरची काच मधोमध खोल होते आणि खालची तेवढीच फुगत जाते. म्हणजे ती आरसा होणार होती आणि मी फक्त हत्यार. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं, हे खरं आहे.

पूड टप्प्याटप्प्याने बारीक करत न्यायची असते. प्रत्येक टप्प्याला आधीच्या पुडीचा एकही कण मागे उरता कामा नये. झ्द्राव्का याबाबत फार काटेकोर होती. पिंप तीनदा धुवायची, एप्रन बदलायची, नखं ब्रशने घासायची, केस रुमालात बांधायची.

तिला घाईही होती. शनीचं कडं आपल्याकडून दरवर्षी वेगळ्या कोनातून दिसतं आणि साधारण पंधरा वर्षांनी एकदा त्याची नुसती कडाच आपल्याकडे येते. तेव्हा ते जवळपास दिसेनासं होतं. त्या वर्षीच्या शरदात कडं दिसणार होतं, पुढच्या वर्षी नाही.

एक मार्चला स्तोयनाने लेकीच्या मनगटावर लोकरीचा लाल-पांढरा धागा बांधला. वसंताच्या स्वागताला आमच्याकडे हा धागा सगळेच बांधतात. करकोचा दिसला किंवा बहरलेलं झाड दिसलं की तो काढून फांदीला बांधायचा. त्याआधी काढायचा नाही. त्या वर्षी थंडी रेंगाळली. झाडं काळीच राहिली आणि करकोचेही येईनात. झ्द्राव्का धागा हातात ठेवूनच घासत राहिली.

मार्चच्या शेवटी सगळ्यात बारीक पूड आली. आता आमच्यामधून रेशमासारखा आवाज यायचा. एका दुपारी त्या आवाजात करकर झाली. झ्द्राव्काचे हात थांबले. तिने बहिणीला उचलून दिव्यासमोर धरलं. मधूनच एक लांब ओरखडा गेला होता.

तिने पिंप पाहिलं, पाणी पाहिलं, नखं पाहिली. मग मनगट दिव्याजवळ नेलं. लोकरीच्या धाग्यांत सुरुवातीच्या जाड पुडीचे कण चमकत होते. नखं घासणाऱ्या बाईच्या मनात तो धागा धुवायचं एकदाही आलं नव्हतं. तो धागा तिला अंगाचाच भाग वाटत होता.

ओरखडा पुसता येत नाही, मित्रांनो. तो जितका खोल असेल, तितकी सगळी काच झिजवावी लागते. म्हणजे जाड पुडीपासून पुन्हा सुरुवात, आणि चकाकी आणायचं कित्येक महिन्यांचं काम त्यानंतर. म्हणजे त्या शरदातलं कडं हुकलं.

झ्द्राव्का आम्हाला तसंच टाकून वर निघून गेली. अकरा दिवस ती आली नाही. मला पहिल्यांदाच जहाजाची आठवण आली.

बाराव्या दिवशी दोघी मायलेकी खाली आल्या.

"उचल तुझ्या काचा," स्तोयना म्हणाली. "निदान माझं पिंप तरी मोकळं होईल."

झ्द्राव्का मला सोडवू लागली. स्तोयना तिच्या मनगटाकडे पाहत राहिली.

"आणि तो धागा काढ आधी."

"करकोचा कुठे दिसलाय?"

"मला दिसला. सकाळी. बाजारावरून उडत गेला."

"आई, तुला चष्म्याशिवाय समोरची बस दिसत नाही."

"बसचा नंबर दिसत नाही. करकोच्याला कुठे नंबर असतो?"

"पण तुला दिसला ना? मला नाही."

"एका घरातले डोळे आहेत. काढ म्हणते ना! मीच बांधलाय, मीच सोडते."

म्हातारीने बोटांनी ओढून पाहिलं. गाठ सुटेना. शेवटी तिने ती दातांनी सोडवली. धागा स्वतःच्या खिशात टाकला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोबी यंदा पेन्कोच्या प्लास्टिकच्या डब्यात मुरेल. चव बिघडेल ती बिघडेल. कुठली पूड आधी लागते गं? ही जाडी का?"

झ्द्राव्का खाली बसून रडली. मग डोळे पुसून उठली, हात धुतले आणि जाड पूड माझ्यावर पसरली.

दुसऱ्यांदा घासताना ती वेगळी झाली होती. घड्याळ काढून ठेवायची. कधी गुणगुणायची. कामावरून दमून आली की फक्त दहा मिनिटं घासायची आणि "आज एवढंच" म्हणून माझ्यावर हात ठेवायची. मलाही एक गोष्ट कळली. दोन काचा सगळीकडे सारख्या टेकूनच सरकायच्या, तर दोघींना एकाच गोलाचा आकार घ्यावा लागतो. बहिणीच्या प्रत्येक खोलीचं माप माझ्या अंगावर होतं. पुढे माझ्यावर राळेचा थर देऊन तिने बहिणीला चकाकी आणली, त्यातही कित्येक महिने गेले.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात दुर्बीण गच्चीवर उभी राहिली. वाऱ्यात ती डुलू नये म्हणून मला तिच्या बैठकीवर वजनासाठी ठेवलं होतं. दिवेलागणीनंतर शनी वर आला. झ्द्राव्काने डोळा लावला आणि ती तिथून हलेचना.

पेन्कोला दम निघेना. त्याने तिला बाजूला सारून पाहिलं. "कडं कुठाय गं? एवढी घासलीस की कडंच झिजवून टाकलंस!"

मी दचकले. पण झ्द्राव्का खळखळून हसली.

मग स्तोयना वाकली. "पिवळा गोळा दिसतो. आणि त्याच्यावरून केस गेल्यासारखी रेघ."

"तो केस म्हणजेच कडं, आई. आता दरवर्षी थोडं थोडं उघडत जाईल."

"मग बघू की दरवर्षी," स्तोयना म्हणाली. "घाई कुणाला आहे? सरक जरा, मला अजून बघू दे."

मित्रांनो, आज मी त्याच गच्चीवरच्या खोलीत एका फळीवर असते. दुर्बिणीत पाहायला मुलं येतात, बहिणीचं कौतुक करतात आणि मला पाहून विचारतात, "ही जुनी काच फेकत का नाही?" तुम्ही कधी आलात, तर तसं विचारू नका. माझ्या फुगीर बाजूवर तळहात ठेवून पाहा. एका बाईने रोज थोडं थोडं केलेलं काम हाताला लागेल. तुमच्याही घरी अशी एखादी झिजलेली वस्तू असेल. तिला जपा. आणि तुमचं स्वतःचं काही अर्धवट राहिलं असेल, तर आज दहाच मिनिटं त्याला द्या.