वेदी वाकडी का झाली?

सुतार मला पाणसळ म्हणतात. मित्रांनो, लाकडी अंग, त्यात काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा, एवढाच माझा संसार. आता तोही जुना झाला आहे. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये थांबला की खालचे लाकूड समतल, असे माणसे धरून चालतात.

मी दोघा भावांची होते. थोरला फटकळ, धाकटा मितभाषी. मला टेकवण्याआधी धाकटा लाकडावरचा भुसा हळूच फुंकून टाकी. त्या फुंकरीसाठी मी अजून झुरते.

एकदा त्यांनी चर्चसाठी नवी वेदी केली. ती बसवण्याच्या आदल्या दिवशी मी थोरल्याच्या हातून फरशीवर पडले. काच फुटली नाही, म्हणून त्याने मला मुकाट्याने पिशवीत टाकले. पण आत माझी नळी एका टोकाला केसभर उचलली गेली होती, आणि मला वाचा नव्हती. दुसऱ्या दिवशी धाकट्याने माझ्या भरवशावर वेदीचे पाय बसवले.

रविवारी मिस्साची प्रार्थना चालू असताना वेदीवर एक मेणबत्ती आडवी झाली आणि घरंगळत थेट फादरांच्या पायांशी गेली. पोरे खुदखुदली. थोरला सगळ्यांसमोर उठून म्हणाला, "चूक माझीच. याच्यावर काम सोपवलं. हात आहेत, पण डोळे कपाळाला आहेत याचे."

बुडबुडा मध्येच होता, एवढेच धाकटा सांगत राहिला. कोणी मानले नाही. महिन्याभरात तो बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेला. मला पाहिले की भाऊ आठवतो म्हणून थोरल्याने मला पेटीच्या तळाशी ढकलले आणि नवी पाणसळ आणली.

नऊ वर्षे मी अंधारात होते. मग नवी पाणसळ कुणी मागून नेली, म्हणून थोरल्याने मला काढले. सहज एका फळीवर ठेवले, मग टोके बदलून त्याच जागी पुन्हा ठेवले. खरी पाणसळ दोन्ही वेळा एकच सांगते. माझा बुडबुडा मात्र एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे. थोरल्याने मला डोळ्यांजवळ धरून नळी न्याहाळली. फरशीवरचा तो आवाज त्याला आठवला असावा.

प्रायश्चित्त म्हणून त्याने चर्चसाठी मेणबत्त्यांचा सुंदर लाकडी दीपस्तंभ घडवला. फादरांनी तो आत घेतलाच नाही. त्याची चूक ऐकून म्हणाले, "हा राहू दे दारात. आधी भावाकडे जा."

मला घेऊन तो गेला. सगळे ऐकून धाकट्याची बायको म्हणाली, "नऊ वर्षं लागली, भाऊजी? रंधा तर भराभर चालतो तुमचा."

धाकट्याने मला हातात घेतले. "दादा, माफ तर मी तुला त्याच वर्षी केलं. मनात कडू ठेवून काम होत नाही."

"मग घरी चल."

"येईन. पण जिथं मला खोटं पाडलंस, तिथंच खरं सांग. माझ्या मुलांना त्या गावात ताठ मानेनं फिरता यायला हवं."

त्याने माझा स्क्रू सैल करून नळी सरळ बसवली. रविवारी थोरल्याने भरल्या चर्चमध्ये मला उंच धरून सगळे कबूल केले. मागच्या बाकावर धाकट्याची मुले मान वर करून बसली होती.

जेवून धाकटा परत गेला. त्याचे काम, घर, मुलांची शाळा आता तिकडेच आहे. थोरला संध्याकाळी दारात बसतो आणि रस्त्याकडे बघतो. मीही बघते.

मित्रांनो, आपल्या हातून काही पडले तर त्याच दिवशी सांगा. उशिरा सांगितले तरी क्षमा मिळते. सोबतीची वर्षे मात्र कोणी परत आणून देत नाही.